जिलेटिन की तेलाचं जेल? अल्ट्रासाऊंड फँटम गोव्याच्या हवेत वापरल्यानंतर

अल्ट्रासाऊंडच्या पडद्यावर बघत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं) आणि नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ भुलीचं इंजेक्शन) यांच्या सरावाला एप्रिलपासून दोन फँटम, म्हणजे शरीराच्या जागी सुई टोचायचे नकली ठोकळे, वापरात आहेत: घरी ओतलेलं जिलेटिन आणि मिनरल ऑइलच्या सिंथेटिक जेलचा विकतचा ठोकळा. गोव्यात रोज टोचायला ठोकळाच घ्या.

जिलेटिनचं प्रमाण १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम. आधी थंड पाण्यात फुगवा, मग ६० अंशांच्या आसपास विरघळवा. उकळत ठेवलं तर नीट घट्ट होत नाही. फेस काढून टाका, नाहीतर प्रत्येक बुडबुडा पडद्यावर चमकतो आणि खाली सावली टाकतो. २ चमचे इसबगोल मिश्रण कोमट होऊन दाटायला लागल्यावरच घाला. आधी घातलं की ते एका थरात गोळा होतं आणि बाकी फँटम काळा दिसतो. नीट जमलं तर येणारा करडा, दाणेदार पोत फार सुंदर असतो. या खर्चात त्याला तोड नाही.

पण फ्रिजबाहेर ते तिशीच्या तापमानातच ढिलं पडतं. पावसाळ्यात वीज गेली की संपलंच. बुरशीही लवकर धरते. सोनोग्राफी यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखाली नोंदलेल्या जागेवरून सहज हलवता येत नाही, म्हणून फँटमच तिथे न्यावा लागतो, तोही मासळीच्या आइसबॉक्समधून. शिवाय सुईच्या वाटेत हवा शिरून पांढरी रेघ उरते. पुढचा शिकाऊ डॉक्टर त्याच रेघेवरून सुई घालतो, आणि सुईचं टोक शोधायला शिकतच नाही.

ठोकळ्यातही रेघा उरतात, पण १२० ते १३० अंशांना ओव्हनमध्ये वितळवून तो पुन्हा ओतता येतो. घाई केली तर धूर येतो. बुडबुडे वर येईपर्यंत गरमच राहू द्या. ठोकळ्यात नकली शीर करायला लॅटेक्सची नळी नको, तेलाने ती फुगून फाटते. साच्यात ८ मिमीची गुळगुळीत सळी आडवी ठेवा, गार झाल्यावर ओढून काढा, पोकळीत रंगीत पाणी भरून तोंडं बंद करा. प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) दाबला की ही शीर थोडी चपटी होते.

ठोकळ्याचा एक दोष मात्र जात नाही. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४५० मीटर, आणि यंत्र १५४० धरून प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली काढतं. त्यामुळे ४ सेंमी खोलीवरची शीर पडद्यावर सव्वाचारवर दिसते. खोली मोजायला शिकवायचं असेल त्या दिवशी जिलेटिनच ओता.