बालवाडीचा आठवडा: गिरवायची वही की शिंपल्या?

वहीत आठवडाभरात ग, म, भ, न आणि १ ते १० उरकतात; पानं भरलेली पाहून पालकही खूश. पण ७ सुबक काढणाऱ्या मुलाला ‘सात शिंपल्या दे’ म्हटलं, की ते बऱ्याचदा मूठभर देतं.

म्हणून माझा कौल शिंपल्यांना. गोव्यात तिसऱ्यांच्या (शिंपल्यांत राहणारे, खाल्ले जाणारे छोटे जीव) शिंपल्या घरोघरी निघतात. धुऊन वर्गात आणाव्यात. बोट ठेवत, एका शिंपलीला एकच आकडा. मग त्याच पसरून ठेवायच्या: आता किती? तरीही सातच, हे उमगायला दोन दिवस गेले तरी जाऊ द्यावेत. अक्षरांचंही तसंच. ‘गाय, गणपती, गाव’ यांतला पहिला आवाज आधी कानाने पकडायचा, मग रेतीत बोटाने ‘ग’. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलालाही हे शब्द ओळखीचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयासाठी खेळातून शिकण्यावर भर आहे.

वही शुक्रवारी काढावी.