सायनोटाइपचा तयार संच: रसायने उत्तम, कागद मात्र बदलावा

सायनोटाइपच्या, म्हणजे कागदावर रसायने लावून उन्हाने उमटवायच्या निळ्या प्रिंट काढण्यासाठी दोन रसायने, एक ब्रश, एक काच आणि वीस कागद असा तयार संच मी घेतला, त्याला आता दोन महिने होत आले. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत इतकी साधी आहे, की काम बिघडलेच तर दोष बहुधा रसायनांत नसून कागदात असतो. या संचाच्या बाबतीत नेमके तेच झाले.

रसायनांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हिरव्या प्रतीचे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड ही दोन्ही कोरड्या भुकटीच्या रूपात दिली आहेत, हे मला विशेष पटले; कारण सायट्रेटच्या द्रावणाला बुरशी लवकर धरते, आणि भुकटी असली की लागेल तेवढेच द्रावण करून, दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळून, त्याच दिवशी संपवता येते. ब्रशला धातूची पट्टी नाही, हीसुद्धा जाणकाराने केलेली निवड आहे, कारण लोखंडाचा स्पर्श झाला तर कागदावरच्या रसायनांच्या थरावर निळे ठिपके उमटतात.

पहिल्या दिवशी मी नेच्याचे पान काचेखाली दाबून कागद उन्हात ठेवला. पिवळसर हिरवा थर आधी निळसर आणि मग राखेसारखा करडा झाला, म्हणजे अतिनील किरणांनी आपले काम चोख केले होते. पण कागद पाण्यात घालताच निळा रंग ढगासारखा सुटू लागला आणि पानाभोवती फिकट आकाशी छटा तेवढी उरली. तेच द्रावण, तेच ऊन, फक्त कागद वेगळा घेतला, तेव्हा शिरान्‌शीर दिसणारी गडद निळी प्रिंट मिळाली. मग संचातल्या कागदावर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून पाहिले, तर बारीक बुडबुडे येत होते. ते कॅल्शियम कार्बोनेटचे लक्षण; कागद पिवळा पडू नये म्हणून हे अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे द्रव्य, त्यात मिसळतात. जलरंगांसाठी ते उपकारक असले, तरी प्रशियन निळ्याला, म्हणजे या प्रिंटच्या निळ्या रंगद्रव्याला, अल्क सोसत नाही. धुण्याच्या पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घातल्यावर रंग थोडा टिकला, पण समाधान झाले नाही.

माहितीपत्रकही अपुरे आहे. ‘दहा मिनिटे ऊन द्या’ असे त्यात छापले आहे. वास्तविक ऊन रोज सारखे नसते, म्हणून घड्याळाऐवजी थराच्या रंगाकडे पाहायला शिकवायला हवे होते. फेरीसायनाइडचा तीव्र आम्लाशी संबंध आल्यास विषारी वायू सुटू शकतो, ही सूचना तर ठळक अक्षरांत हवीच होती.

रसायनांसाठी हा संच जरूर घ्यावा, मात्र अल्क नसलेला कागद वेगळा आणावा. संचातले उरलेले चौदा कागद मी आता ब्रशचा हात बसवण्यासाठी वापरतो.