इन्फ्रारेड फिल्म म्हणून साधा रोल गळ्यात मारला, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

चैत्रात कडुलिंबाला नवी पालवी फुटली की भुईकोट किल्ल्यातली झाडं पांढरीशुभ्र आणि वर आभाळ काळंभोर असा फोटो काढायचा हे दोन वर्षं डोक्यात होतं. हिरवी पानं डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड जोरात परत फेकतात, म्हणून इन्फ्रारेड फिल्मवर ती पांढरी येतात. सोलापुरात हे करणारं माझ्या ओळखीत कोणी नाही, त्यामुळं विचारायला माणूस नव्हता.

सोशल मीडियावर एकानं कोडॅक एचआयई या इन्फ्रारेड फिल्मचे तीन रोल विकायला काढले, म्हणाला जुना स्टॉक आहे पण कायम फ्रीजमध्ये होता, मी साडेसात हजार यूपीआय केले. ही फिल्म २००७ मध्येच बंद झालीय हे मला माहीत होतं, म्हणूनच भाव जास्त असणार असं मनाला समजावलं. त्यानं पाठवलेल्या व्हिडिओत रोल डबीतून काढून निळ्या ग्रिलच्या खिडकीत उजेडात धरला होता. अहो, खरी एचआयई डबीतून काढायची ती पूर्ण अंधारातच, नाहीतर फिल्मच्या बाहेर आलेल्या टोकातून उजेड आत शिरतो आणि रोल खराब होतो! हे वाचलेलं असूनही तेव्हा लक्षात आलं नाही, त्याचा राग अजून जात नाही.

किल्ल्यात सकाळी अकराच्या उन्हात ट्रायपॉड लावला, आर७२ फिल्टर (जवळजवळ फक्त इन्फ्रारेड उजेडच आत सोडणारा) लावला, फोकस लेन्सवरच्या इन्फ्रारेडसाठीच्या लाल खुणेवर सरकवला, लेन्सचं छिद्र एफ ११ ला ठेवून पाव सेकंदापासून चार सेकंदांपर्यंत सगळं काढून बघितलं, आणि शेवटी फिल्टर काढून सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूचे दोन साधे फोटो.

घरी बर्फ घालून पाणी २० डिग्रीला आणलं, डी-७६ डेव्हलपरमध्ये रोल धुतला, बाहेर काढला तर फिल्टरच्या सगळ्या फ्रेम काचेसारख्या कोऱ्या आणि शेवटच्या दोन अगदी झकास. म्हणजे कॅमेरा बरोबर, केमिकल बरोबर. फिल्टरची शंका होती म्हणून टीव्हीचा रिमोट त्याच्यामागं धरून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलं, रिमोटचा दिवा स्वच्छ दिसला. मग निगेटिव्हची कड भिंगाखाली धरली. तिथं बारीक अक्षरात इलफर्ड एचपी५ प्लस! इन्फ्रारेड न दिसणारी साधी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म जुन्या डबीत भरून दिलेली.

मेसेज केला तर लगेच ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केलीय, ट्रान्झॅक्शन नंबर, चॅट, व्हिडिओ सगळं दिलंय, उरलेले दोन रोल पुरावा म्हणून न उघडता ठेवलेत.

असा रोल घ्यायचाच असेल तर आधी एकाचेच पैसे द्या, पाच-सहा फ्रेम फिल्टर लावून काढा, तेवढाच तुकडा अंधारात कापून धुवा आणि कडेवरचं नाव वाचा. नाहीतर रोलाय इन्फ्रारेड ४०० किंवा इलफर्ड एसएफएक्स २०० दुकानातून बिलासकट घ्या, त्यांना एचआयईइतकं लांब तरंगलांबीचं इन्फ्रारेड दिसत नाही पण आर७२ वर पानं पांढरी येतात.

परवा तोच व्हिडिओ, तीच निळी ग्रिल, दुसऱ्याच नावाच्या अकाउंटवर बघितली, म्हणून हे लिहितोय.