पेद्रो इतुराल्देची 'फ्लामेंको जॅझ': गिटार ऐकाच, पण सॅक्सोफोन सोडू नका

स्पॅनिश सॅक्सोफोनवादक इतुराल्देची १९६७ साली मुद्रित झालेली ही तबकडी बहुतेक लोक फ्लामेंको (स्पेनचं लोकसंगीत) वाजवणाऱ्या गिटारवादक पाको दे लुसियासाठी लावतात. लावावीच. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता, आणि हात इतका तयार! पण दुसऱ्यांदा ऐकताना कान इतुराल्देच्या सॅक्सोफोनकडे ठेवा. संच त्याचा, कल्पनाही त्याचीच.

गंमत म्हणजे हा माणूस फ्लामेंकोच्या मुलखातला नाही. फ्लामेंको स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसियाचं. हा जन्मला १९२९ मध्ये, उत्तरेकडच्या नवारा प्रांतातल्या फाल्सेस गावी. पुढे माद्रिदच्या 'व्हिस्की जॅझ' क्लबात वाजवून नाव झालं. स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फायाचं 'कान्सिओन देल फ्वेगो फात्वो' हे गीत अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९६० च्या 'स्केचेस ऑफ स्पेन' या तबकडीत घेतलं होतं. तेच इथेही आहे, आणि मला हेच जास्त आवडतं. तिथे भोवती अख्ख्या वाद्यवृंदाचं मखर. इथे मोजकी वाद्यं, त्यामुळे सॅक्सोफोनचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे सूर परके वाटणार नाहीत. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद: फ्लामेंकोची ही आवडती स्वरावली म्हणजे आपला बसंत मुखारी रागच. मात्र तशी संथ बढत शोधाल तर निराश व्हाल. मांडणी शेवटी जॅझची आहे.

तक्रार एकच. सांधे दिसतात. गिटार आली की बाकीचे बरेचदा मागे सरतात, पाको आपलं बोलून घेतो, मग जॅझ पुन्हा सुरू. खरी जुगलबंदी हवी तेवढी होत नाही. दोन्ही भाषा एका वाक्यात आणतो तो इतुराल्देच.

स्पेनमध्ये 'हिस्पावॉक्स' कंपनीने काढलेल्या इतुराल्देच्याच 'जॅझ फ्लामेंको'च्या तबकड्याही मिळवा. तिथे 'पाको दे आल्हेसिरास' असं नाव दिसेल. तो पाको दे लुसियाच, दुसऱ्या कंपनीशी करार असल्याने जन्मगावाच्या नावाने वाजवलेला.

इतुराल्दे नंतर माद्रिदच्या संगीत विद्यालयात सॅक्सोफोन शिकवायचा. २०२० मध्ये गेला. त्याची 'पेकेन्या चार्दा' ही हंगेरियन ढंगाची रचना सॅक्सोफोनचे विद्यार्थी आजही घोटतात. ती यूट्यूबवर सहज सापडते. पण सुरुवात 'फ्लामेंको जॅझ'पासूनच करा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नको, बास ऐकूच येणार नाही.