वीज मोजणारा वाय-फाय प्लग: घर बंद असताना कितपत उपयोगी?

आपण प्रवासात असलो तरी घरातील उपकरणे मोबाईलवरून बंद करता येतात आणि त्यामुळे वीज वाचते, असे सांगून वीज मोजणारे वाय-फाय प्लग विकले जातात. भिंतीवरील सॉकेटमध्ये हा प्लग लावून त्यात उपकरणाची पिन बसवली की, त्या क्षणी किती वॅट वीज लागते आहे आणि आतापर्यंत एकूण किती युनिट खर्च झाले, हे ॲपवर दिसू लागते. काही काळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मोजमापासाठी ही वस्तू खरोखर चांगली आहे. प्रवासातील बचतीचा दावा मात्र हिशेबात टिकत नाही.

आधी मोजमापाविषयी. रिमोटने सेट-टॉप बॉक्स बंद केला, दिव्याचा रंग बदलला, तरी ॲपवरील आकडा बारावरून जेमतेम दहा वॅटवर आला, हे पाहिल्यावर ‘बंद’ आणि ‘स्टँडबाय’ यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नवा टीव्ही स्टँडबायवर साधारण अर्धा वॅटच घेतो, त्यामुळे ज्याच्यावर सर्वांचा संशय असतो तो टीव्ही बहुतेक वेळा निर्दोष ठरतो आणि त्याच्या शेजारचा डबा पकडला जातो. फ्रिजच्या बाबतीत मात्र त्या क्षणाचा आकडा पाहण्यात अर्थ नाही, कारण कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो; पूर्ण 24 तासांचे युनिट पाहावेत. तसेच एक-दोन वॅटच्या खालचे मोजमाप विश्वासार्ह नसते. मोबाईलचा रिकामा चार्जर लावल्यावर प्लग सरळ शून्य दाखवतो, ते तितकेसे खरे नाही.

आता बचतीचा हिशेब. दहा वॅट घेणारा सेट-टॉप बॉक्स 15 दिवस तसाच राहिला तर 3.6 युनिट खर्च होतात. तो दुरून बंद करायचा तर घरातील राउटर चालू ठेवावा लागतो आणि आठ वॅटचा राउटर त्याच 15 दिवसांत 2.88 युनिट घेतो. शिवाय प्लग स्वतः सुमारे एक वॅट खातो, म्हणजे आणखी 0.36 युनिट. अशा प्रकारे 3.6 युनिट वाचवण्यासाठी 3.24 युनिट खर्च करण्याचा हा व्यवहार आहे. घरात कॅमेरा असल्याने राउटर चालू ठेवणे भाग असेल तर गोष्ट वेगळी. एरवी निघताना भिंतीवरचे बटण बंद केले की दोन्ही खर्च वाचतात आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.

साठवणीचा गिझर हे प्रवासापूर्वी आवर्जून बंद करण्याचे उपकरण आहे, कारण कोणी नळ उघडला नाही तरी टाकीतील पाणी निवत राहते आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवत राहतो. परंतु त्याला साधा 10 अँपिअरचा प्लग लावू नये. 230 व्होल्टवर 2000 वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो, म्हणजे प्लग सतत मर्यादेच्या काठावर चालतो आणि तापतो. 3000 वॅटचा असेल तर मर्यादा ओलांडलीच. 16 अँपिअरचे प्लग मिळतात, पण तिथेही गिझरचे स्वतःचे बटण जास्त भरवशाचे.

भरलेल्या फ्रिजला प्रवासाच्या काळात हा प्लग मुळीच लावू नये, असे मी म्हणेन. वीज जाऊन परत आल्यावर प्लगने चालू व्हावे, बंद राहावे की आधीच्या स्थितीत जावे, हे ॲपमध्ये ठरवावे लागते आणि ही सेटिंग इतकी आत दडलेली असते की बहुतेकांचे तिच्याकडे लक्षच जात नाही. ती चुकीची असेल तर थोडा वेळ वीज गेल्याचे निमित्त होऊन फ्रिज आपण परतेपर्यंत बंद राहील आणि आतले सगळे नासेल. मुक्काम लांबचा असेल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवून बंद करावा.

वेळ लावण्याची सोय मात्र मला आवडली. घरात कोणी आहे असे वाटावे म्हणून अनेक जण दिवा अहोरात्र जळत ठेवतात. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज संध्याकाळी चारच तास लावला तर 15 दिवसांत 0.54 युनिट लागते, अखंड जळत ठेवला तर 3.24. काही प्लगमध्ये ही वेळ प्लगमध्येच साठवली जाते आणि राउटर बंद असला तरी ती पाळली जाते, काहींमध्ये तसे होत नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याला हे विचारावे, आणि घेतल्यावर राउटर बंद करून एक संध्याकाळ स्वतः तपासून पाहावे.