ड्रेस्डनचा क्रिस्टस्टोलन: घ्यावा का, आणि कोणता?

सप्टेंबर सरता सरता जर्मनीतल्या सुपरमार्केटांत स्टोलनचे, म्हणजे सुक्या फळांच्या नाताळी गोड पावाचे, ढीग लागतात. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूचा आकार, वर पिठीसाखरेचा जाड थर. वरून सगळे सारखेच दिसतात. फरक आत असतो आणि तो मुख्यतः लोण्याचा असतो.

जर्मन नियमांनुसार १०० किलो मैद्याला किमान ३० किलो लोणी किंवा दुसरं स्निग्ध आणि ६० किलो सुकी फळं घातली की त्याला स्टोलन म्हणता येतं. ‘बुटरस्टोलन’ लिहायचं तर ४० किलो लोणी आणि ७० किलो फळं लागतात. ड्रेस्डनचा क्रिस्टस्टोलन याहून पुढे जातो. एक किलो मैद्याला किमान ५०० ग्रॅम लोणी, ६५० ग्रॅम बेदाणे, संत्र्या-लिंबाची साखरेत मुरवलेली साल २०० ग्रॅम आणि गोडे-कडू बदाम मिळून १५० ग्रॅम. मार्गारीन चालत नाही, कृत्रिम स्वादही नाही. २०१० पासून या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. म्हणून खोक्यावर सोनेरी लंबगोल शिक्का पाहा: त्यावर सॅक्सनीचा (ड्रेस्डनच्या प्रांताचा) जुना शासक राजा ऑगस्ट याचं चित्र आणि एक क्रमांक असतो. ड्रेस्डन आणि लगतच्या भागातल्या बेकऱ्यांनाच तो मिळतो.

एवढं लोणी पूर्वी या पदार्थात नव्हतं. नाताळाआधीच्या उपवासात ते वर्ज्य होतं, त्यामुळे स्टोलन तेलावरच निघायचा. १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी परवानगीचं पत्र दिलं, तेव्हा लोण्याची वाट मोकळी झाली.

शिक्का प्रमाणाची हमी देतो, हाताची देत नाही. मधली चकती कापून बघा. गर दाट, पिवळसर आणि ओलसर हवा, बेदाणे तळाशी न बसता सगळीकडे पसरलेले हवेत, आणि चकती दाबली की बोटाला लोण्याची चमक लागली पाहिजे. बेदाणे रममध्ये नीट भिजवले नसतील तर ते गरातलंच पाणी ओढून घेतात आणि अख्खी लादी भरभरीत होते. कवचावर उघडे राहिलेले बेदाणे भट्टीत जळून कडू होतात; चांगला बेकर ते हाताने वेचून काढतो. मग गरम लादीवर वितळलेलं लोणी, त्यावर दाणेदार साखर आणि शेवटी पिठीसाखर. हा थर ओल आत धरून ठेवतो, म्हणून तो झटकून टाकू नका.

पानेत्तोने या इटालियन नाताळी पावासारखा हलका स्पंज अपेक्षित असेल तर निराशा होईल. पानेत्तोने आंबवलेल्या पिठावर फुगतो आणि त्यात अंड्याचा बलक भरपूर असतो. स्टोलन यीस्टचा असला तरी जड, आणि पारंपरिक कृतीत अंडं नसतं. अंडं न खाणाऱ्या घरांसाठी ही मोठीच सोय आहे, फक्त वेष्टनावरची सूचना वाचा. रम मात्र बहुधा असते.

आकाराबाबत आमचं मत स्पष्ट आहे: एक किलो किंवा त्याहून मोठा घ्या. अर्ध्या किलोच्या लादीत गराच्या मानाने कवच जास्त, त्यामुळे ती लवकर सुकते. भाजल्यावर दोन ते चार आठवडे मुरला की लोणी, साल आणि मसाला एकजीव होतात, तेव्हा अगदी ताज्याचा हट्ट नको. ड्रेस्डनच्या स्ट्रीत्सेलमार्क्टमध्ये घेणार असाल तर आधी चव मागा. १४३४ पासून भरणाऱ्या या बाजारात स्टोलनचे ठेले शेजारी शेजारी असतात, आणि दोन बेकऱ्यांचे मसाले ताडून बघायला याहून सोयीची जागा नाही.

कापताना टोकाकडून सुरू करू नका. मधोमध कापा, लागतील तेवढ्या चकत्या काढा आणि दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांना भिडवून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. कापलेली बाजू उघडी राहत नाही. साठवायला १० ते १५ अंशांची कोरडी जागा उत्तम. मुंबई-कोकणच्या डिसेंबरात ती मिळत नाही आणि तिथे लोणी पाझरून साखरेवर पिवळे ओले डाग पडतात. अशा वेळी फॉइलवरून हवाबंद डबा, मग फ्रिज, नाहीतर त्याला कांद्या-लसणाचा वास लागतो. वाढण्याआधी तासभर बाहेर काढा. थंड लोणी घट्ट असतं आणि चव दबते. चकती एक सेंटिमीटर पुरे, सोबत बिनसाखरेची कॉफी.