अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर: मकरपुऱ्यात वापरून बघितला

आमच्या वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) युनिटसाठी हा हातात धरायचा डिटेक्टर घेतला आणि कॉम्प्रेस्ड एअर, नायट्रोजनच्या लाइनसाठी खरंच भारी आहे. आपल्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, हा साधारण ४० किलोहर्ट्झचा लीकचा आवाज पकडून हेडफोनमध्ये ऐकवतो, त्यामुळे शॉपफ्लोअरच्या खडखडाटातही फ्लँजचा (पाइपच्या जोडाचा) बारीक लीक सापडतो. सेन्सिटिव्हिटी आधी फुल ठेवायची, मग कमी करत जवळ जायचं, शेवटी डिटेक्टरच्या टोकाला रबरी नळी लावून नेमकी जागा शोधायची.

पण मंडळी, हा गॅस ओळखत नाही! फक्त गळतीचा आवाज ऐकतो. हवेत गॅस किती साठलाय ते कळत नाही, त्याला वेगळा गॅस डिटेक्टर पाहिजेच. घरच्या सिलेंडरच्या रेग्युलेटरनंतर प्रेशर इतकं कमी असतं की तिथे याच्यावर अजिबात विसंबू नका, साबणाचं पाणीच लावा. आणि ज्वलनशील गॅसच्या एरियात नेणार असाल तर इन्ट्रिन्सिकली सेफ (गॅस पेटेल अशी ठिणगी न पाडणारं) मॉडेलच घ्या, साधं नको, ठिणगीची रिस्क असते. हेडफोन घातल्यावर फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून सोबत एक माणूस ठेवाच.